पहिला टवका

घ्यावी की न घ्यावी? कुसुंबगडच्या महाराजांना या एका प्रश्नानं पार वेडं करून सोडलं होतं!

गाडी होती शेजारच्या जहागीरदारांची. लालचुटूक, बुटकी, दोनच माणसांची, शर्यतीत पळवतात तसली मोटार. वयानं बारा वर्षांची, पण अंगावर ओरखडा म्हणून नाही! जहागीरदारांनी ती विकायला बैलगाडीवर लादून आणून वाड्याच्या अंगणात उभी केली, तेव्हापासून महाराज तिच्याभोवती नुसत्या प्रदक्षिणा घालत होते. दरबार बंद, ताटातलं जेवण गार, आणि राणीसाहेबांनी काही विचारलं तर उत्तर गाडीबद्दलच!

"घेतली तर पळवणार मी. भरधाव!" महाराज म्हणायचे. "पण पळवली की खडे उडणार, ओरखडे येणार. मग ती अशी जशीच्या तशी कुठली राहायला? छे, नकोच!" मग तरातरा निघून जायचे, दारातून मागं वळून बघायचे, आणि "पण काय देखणी आहे हो!" म्हणत परत यायचे.

शेवटी त्यांनी दरबाऱ्यांना फर्मावलं, "गाडी रोज पळाली पाहिजे आणि तिला एक ओरखडा येता कामा नये. उपाय सांगा! सांगेल त्याला मागेल ते देईन."

सेनापती मिशीला पीळ देत म्हणाले, "भोई लावू, महाराज. ते गाडी खांद्यावर घेऊन पळतील. आपण आत बसून स्टिअरिंग फिरवावं."

"आणि भोई ठेचकाळला म्हणजे?"

सेनापतींनी मिशी सोडून दिली.

मग दिवाणजी खाकरले. "गाडी घोड्यांच्या पागेत ठेवावी. खाली गाद्या, वर मखमल. आपण आत बसायचं, भोंगा वाजवायचा. आम्ही झाडांच्या फांद्या हातात घेऊन दोन्ही बाजूंनी मागं पळत जाऊ. बसल्या जागी गाडी पळाल्यासारखी वाटेल!"

तुम्ही हसाल, पण महाराजांना ते पटलं! हौसेला पेटलेल्या माणसाला काय पटेल याचा नेम नाही. ते टाळी देऊन म्हणाले, "वा! घोडी उद्याच्या बाजारात काढा आणि पागा रिकामी करा!"

घोड्यांचा मोतद्दार धोंडजी तो हुकूम ऐकून पागेत मटकन खाली बसला. त्याची लेक येसू घोड्यांना हरभरा चारत होती. एकेक शिंगरू तिनं हातावर वाढवलेलं. बापानं हुकूम सांगितला, तशी तिनं हरभऱ्याची पाटी खाली ठेवली. ही आपली घोडी उद्या कुणाच्या तरी टांग्याला जुंपणार! आणि का, तर एका मोटारीला गादीवर निजवायचं म्हणून!

"आबा, डोळं पुसा. मी जाऊन येते," ती म्हणाली.

"अगं, महाराजांपुढं तू काय बोलणार?"

"ते तिथं गेल्यावर बघू!"

अंगणात जहागीरदार रेशमी फडक्यानं गाडी पुसत होते. येसू जवळ गेली.

"सरकार, लई झ्याक ठेवलीया! हिच्यातनं कुठंकुठं फिरलात?"

"फिरलो? वेडी का काय! खराब नसती झाली? बारा वर्षं नुसती पुसतोय. पुसून पुसून खांदा गेला, म्हणून तर विकतोय!"

येसूनं पदरात हसू दाबलं आणि ती थेट महाराजांपुढं जाऊन उभी राहिली.

"महाराज, उपाय माझ्याकडं हाय. पण आधी एक गुन्हा माफ करा."

"उपाय असेल तर सात खून माफ!"

"एवढं नगं जी, एकच पुरं! आता एक नारळ द्या. नवी गाडी दारात आली, पूजा नको व्हय?"

राणीसाहेबांनी कौतुकानं नारळ आणि पूजेचं ताट पाठवलं. येसूनं बॉनेटला हळदकुंकू वाहिलं, हात जोडले, नारळ उचलला... आणि खाडकन मडगार्डवरच फोडला! नारळाची दोन शकलं झाली आणि लाल रंगाचा चांगला बोटभर टवका उडाला.



"मेलो!" जहागीरदार किंचाळले. "बारा वर्षं जपली मी! नाही विकायची मला! आत्ताच्या आत्ता परत नेतो!" आणि त्यांनी गाडीच्या दाराला हात घातला.

"खबरदार!" महाराज गरजले. "हात काढा! माझी गाडी आहे ती!"

बोलून गेले आणि स्वतःच चपापले.

येसू म्हणाली, "बघा, घ्यायची का न्हाई ते तर ठरलं!"

"ते ठरलं गं, पण हा टवका?" महाराजांचा आवाज रडवेला झाला. "मी ओरखडा नको म्हटलं, आणि तू सरळ टवकाच काढलास! हा कसला उपाय?"

"महाराज, गाडीला अडवलं हुतं कुणी? रस्त्यानं न्हाई, खड्यांनी न्हाई. पहिल्या ओरखड्याच्या भ्यानं अडवलं हुतं. जहागीरदार सरकार बारा वर्षं त्यालाच भिऊन घरी बसले, आणि तुम्ही पागेत बसायला निघालात! आता तो पहिला येऊन गेला. तो माझ्या नावावर मांडा. दुसऱ्यापासनं सगळे खुशाल तुमचे!"

महाराजांनी टवक्यावरून बोट फिरवलं. मग त्यांच्या मिशा थरथरायला लागल्या, पोट हलायला लागलं, आणि ते असे खदखदून हसले की पागेतली घोडी खिंकाळली. शेवटी जहागीरदारांनाही हसू आवरेना.

"माग पोरी, काय हवं ते माग!"

"घोडी पागेत राहू द्या, गाडी बाहेर राहू द्या."

"बाहेर? उन्हापावसात?"

"गाडी हाय जी ती, नवरी न्हाई!"

महाराज पुन्हा हसले. घोडी पागेतच राहिली, येसूच्या हातात सोन्याचं कडं आलं, आणि महाराज धुरळा उडवत जे वेशीबाहेर गेले, ते दिवेलागणीपर्यंत परतलेच नाहीत!