उभ्याने द्यायचं उत्तर

घाटाखालच्या एका पेठेत फार पूर्वी एक कासारीण राहत होती. बांगड्या भरता भरता तिने जन्मभर बायकांची सुखदुःखं ऐकली होती. माणसाच्या पोटात भुकेइतकेच प्रश्नही असतात, पण ते विचारायला जागा नसते, हे तिला त्यातून कळलं होतं. तिला मूलबाळ नव्हतं. जाताना तिने आपली आंब्या-फणसाची बाग पेठेच्या नावे केली आणि सांगून ठेवलं, "बागेच्या उत्पन्नातून बाजारात एक ओटा चालवा. बाजाराच्या दिवशी तिथे कुणीही यावं, काहीही विचारावं, आणि शहाण्यांनी उत्तर द्यावं. कुणाकडून दमडी घेऊ नका."

तसा ओटा झाला. त्याची रीत मोठी न्यारी होती. प्रश्न विचारणाऱ्याने खाली बसायचं आणि उत्तर देणाऱ्याने ओट्यावर उभं राहायचं. विचारणाऱ्याचं समाधान झालं की तो म्हणायचा, "बसा." तोवर, मग तो कितीही मोठा पंडित असो, त्याने बसायचं नाही. ओट्यावरून भाषण नाही, दवंडी नाही, कुणाची आरती ओवाळणं नाही. फक्त प्रश्न आणि उत्तर.

हमाल विचारायचा, "भुकेल्याने चोरी केली तर पाप कुणाचं?" कोळीण विचारायची, "देव सगळं बघतो, मग कज्ज्यात साक्षीदार कशाला लागतो?" आणि मोठमोठे विद्वान घाम पुसत उभे राहायचे. लांबलांबची माणसं बाजार सोडून हे ऐकायला यायची.

ओट्याचा कारभार पाच पंचांकडे होता. त्यांचे मुख्य आचार्य. बोलायला लागले की दगडालाही विचार करावासा वाटेल, असा माणूस. खजिनदार होता पेठेतला तांबट. दोघं लहानपणापासूनचे सोबती, एकाच चिंचेवर दगड मारून मोठे झालेले. बागेचा कुठलाही व्यवहार करायचा तर या दोघांचेही शिक्के लागत.

आता गंमत पाहा. हेच पंच ओट्यावर आकाशाला शेवट आहे का म्हणून दिवसभर वाद घालायचे, पण त्यांच्या स्वतःच्या बैठकीत पैशाचा विषय निघाला की सगळे आढ्याकडे बघायला लागायचे. विचार करणाऱ्या माणसांनी पैशाची चौकशी करायची म्हणजे पंगतीत शेजारच्याच्या पानातल्या जिलब्या मोजायच्या, असं त्यांना वाटे. आचार्य म्हणायचे, "व्यवस्था झाली आहे," आणि बाकीचे माना डोलवायचे. वाऱ्यालाही कारण विचारणारी ही मंडळी एकमेकांना मात्र काही म्हणून विचारत नसत.

तांबटही त्यांतलाच. दुकानात तो गिऱ्हाइकाला दटावायचा, "अहो, भांडं वाजवून घ्या, माझ्या तोंडावर जाऊ नका." पण आचार्यांनी एकदा बैठकीत त्याच्यापुढे कागद सरकवला आणि म्हणाले, "लोक उन्हात बसतात, मंडप बांधू या. शिक्का मार." पैसे कुठून येणार, हे तांबटाच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण चौघं विद्वान समोर बसलेले. कद्रू दिसू, अडाणी दिसू, असं वाटून त्याने शब्द गिळला आणि कागद न वाचताच शिक्का मारला.

मंडपाचं काम निघालं. ओट्यामागे घडीव दगडाच्या राशी पडल्या, सागवान येऊन पडलं, खांब उभे राहिले. पेठ खूश झाली. दोन वर्षं गेली, तरी छप्पर चढायचं राहिलंच होतं.

मग एका बाजाराच्या सकाळी धान्याचा अडत्या तांबटाच्या दुकानात आला. हा अडत्या पेठेतला सगळ्यात पैसेवाला माणूस. जिभेवर साखर आणि तराजूत खोट, असं शेतकरी त्याच्या माघारी म्हणत.

"तांबटशेठ, कासारणीची बाग माझ्याकडे गहाण आहे. ठाऊक आहे ना?"

तांबटाचा हातोडा हातातच राहिला.

"मंडपाला पैसे माझेच लागलेत," अडत्या म्हणाला. "मुदत आज दिवस मावळेपर्यंत. रक्कम आली नाही, तर बाग माझी. पण मी काय राक्षस आहे? मुदत वाढवतो की, हवी तेवढी. फक्त मला पंचांत घ्या, आणि ओट्यावर कोणता प्रश्न यावा, कोणता येऊ नये, ते मी ठरवणार. या नव्या कागदावर आचार्यांचा शिक्का झालाय. तुमचा तेवढा राहिलाय."

तांबटाला सगळा डाव कळला. अलीकडे शेतकरी ओट्यावर वजनामापांबद्दल विचारू लागले होते. अडत्याला बाग नको होती, त्याला लोकांची तोंडं बंद करायची होती.

"संध्याकाळी सांगतो," कसाबसा एवढंच बोलून तांबट तडक आचार्यांच्या घरी गेला.

आचार्य ओसरीवर बसले होते. तांबटाचा चेहरा बघून त्यांनी ओळखलं.

"मी स्वतःसाठी एक पैसाही घेतला नाही रे," ते म्हणाले.

"ते मला ठाऊक आहे. पण बाग गहाण टाकलीस?"

"लोकांसाठीच केलं. दोन मोसम चांगले आले असते तर कर्ज फिटलं असतं. दोन्ही वेळा मोहोर जळला. रोज सांगायचं ठरवायचो, रोज राहून जायचं." आचार्यांचा आवाज खाली गेला. "आता शिक्का मार, गड्या. लोकांना कळलं तर ओट्याची अब्रू जाईल. ओटा राहू दे. दोन-चार प्रश्न गेले तर गेले."

तांबट उठला. वाटेत तो मनाशी सगळं तोलत राहिला. शिक्का मारला तर मित्र वाचत होता, स्वतःची अब्रू वाचत होती, ओट्याचा एक चिराही हलत नव्हता. पण मग तो ओटा अडत्याचा पिंजरा झाला असता, आणि आतला पोपट बोलला असता ते अडत्याचंच. शिक्का नाही मारला तर बाग जाणार, आणि बागेवाचून ओटा उपाशी मरणार. लोकांपुढे सगळं मांडावं, तर दोघांच्याही तोंडाला काळं लागणार. शिवाय ओट्यापाशी काही सांगायची रीतच नव्हती, तिथे फक्त विचारायचं. म्हणजे आचार्यांनाच भर बाजारात उभं करायचं. म्हाताऱ्याचे गुडघे सुजलेले. तांबटाला रडू यायचं तेवढं बाकी होतं.

दुपारी बाजार फुलला. ओट्यापुढे ही गर्दी. अडत्या पुढेच बसला होता, मांडीवर नवा कागद घेऊन. आचार्यांनी एका माळणीच्या प्रश्नाचं उत्तर दिलं, ती "बसा" म्हणाली, आचार्य टेकले आणि त्यांनी रीतीप्रमाणे विचारलं, "आणखी कुणाचा प्रश्न?"

तांबट धुळीत खाली बसला. "माझा," तो म्हणाला.

लोक वळून बघू लागले. इतक्या वर्षांत खजिनदाराने कधी तोंड उघडलं नव्हतं. आचार्य हळूहळू उभे राहिले. दोघांची नजर भेटली, आणि तांबटाने तिथल्या तिथे मान खाली घातली. मग तशीच खाली ठेवून त्याने विचारलं, "कासारणीची बाग आज कुणाची आहे?"

अडत्याने चमकून पाहिलं. आचार्य हसले.

"फार सुंदर प्रश्न," ते म्हणाले. "बाग कुणाची? जो झाड लावतो त्याची, की जो फळ खातो त्याची? जमीन तर आपल्या आधीही होती, नंतरही राहील. माझं-माझं म्हणणारा माणूस तेवढा जातो. म्हणून मी म्हणतो, बाग ही त्या सावलीत बसणाऱ्या प्रत्येकाची आहे!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. काय बोलतो माणूस! एका म्हाताऱ्याने तर डोळे पुसले.

"बसू का?" आचार्यांनी विचारलं.

"नाही," तांबट म्हणाला. "माझं समाधान नाही झालं. बाग कुणाची आहे?"

आचार्य पुन्हा बोलले. मालकी म्हणजे काय, विश्वस्त म्हणजे काय, याच्यावर असं बोलले की ऐकत राहावं. तांबटाने पुन्हा मान हलवली. ऊन चढलं होतं. आचार्यांचे पाय थरथरू लागले, त्यांनी एक हात खांबाला लावला. गर्दीत कुजबुज सुरू झाली.

"अहो तांबट, बसू द्या त्यांना! म्हातारं माणूस आहे."

"काय दावा साधतोय का हा?"

"मत्सर, दुसरं काय! स्वतःला चार शब्द बोलता येत नाहीत."

अडत्या तर हात जोडून उठला आणि मोठ्याने म्हणाला, "लोकहो, एवढ्या थोर माणसाचे असे हाल आपण बघायचे?"

एक शब्द. "बसा" एवढा एकच शब्द बोलायचा होता, की सगळं मिटत होतं. तांबटाच्या घशाशी तो आलाही होता. त्याने डोळे मिटले आणि रडक्या आवाजात, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं, तिसऱ्यांदा विचारलं, "आचार्य, बाग कुणाची आहे?"

आचार्यांनी खांबावरचा हात काढला.

"गहाण आहे," आचार्य म्हणाले. "अडत्याकडे. मी टाकली. आज मावळतीला ती त्याची होईल."

मग जो गलका झाला तो विचारू नका. "खाल्ली! बाग खाल्ली!" म्हणून लोक ओट्याकडे धावले. तेवढ्यात कुणीतरी ओरडलं, "अरे, पण शिक्के दोन लागतात! दुसरा कुणाचा?"

तांबट धुळीतून उठला, ओट्यावर चढला आणि आचार्यांच्या शेजारी जाऊन उभा राहिला.

"माझा," तो म्हणाला. "कागद न वाचता मारला. पैसे कुठून येणार, हे विचारायचं होतं. विद्वानांत हसं होईल म्हणून नाही विचारलं. यांनी एक पैसाही घरी नेलेला नाही, ते मंडपात आहे सगळं. आता मला विचारा काय विचारायचं ते."

लोकांनी विचारलं. चांगलं फाडून विचारलं. दोघं उभ्याने उत्तर देत राहिले, आणि या वेळी कुणी सुंदर बोललं नाही. रक्कम किती, व्याज किती, नव्या कागदात काय लिहिलंय, सगळं बाहेर आलं. प्रश्नांवर अडत्याचा पहारा बसणार होता हे कळल्यावर तर शेतकऱ्यांच्या कपाळाची शीरच उठली.

अडत्या शांतपणे म्हणाला, "ओरडा हवं तितकं. दिवस मावळला की बाग माझी."

तेव्हा मघाचीच माळीण म्हणाली, "मंडपाचं सागवान कुणाचं?"

"ओट्याचं," आचार्य म्हणाले.

"आणि दगड?"

"तोही ओट्याचाच."

"मग विका की! सावली नको आम्हाला. डोक्यावर पदर घेऊ."

बाजारच तो. लाकडाचे व्यापारी होते, घर बांधायला काढलेले दोघं-तिघं होते. गरजवंताला अक्कल नसते आणि त्याच्या मालाला भावही नसतो, हे त्या दिवशी पंचांना कळलं. ज्या दगडाच्या घडाईवर आचार्यांनी जीव लावला होता तो मातीमोलाने गेला. उभे खांब उतरवले गेले. तरीही रक्कम पुरेना, तेव्हा तांबटाने आपल्या दुकानातली भांडी आणून बाजारात मांडली. सूर्य डोंगराला टेकता टेकता अडत्याच्या पुढ्यात पैसे पडले. त्याने ते सगळ्यांसमोर चोख मोजून घेतले. चोख मोजता येतं की याला, असं एक शेतकरी म्हणाल्यावर त्या तापल्या गर्दीतही हशा पिकला.

बाग सुटली. मंडप गेला तो गेलाच, लोक आजही उन्हात बसतात. आचार्य आणि तांबट दोघांनाही पंचांतून काढलं. शिक्के दुसऱ्यांकडे गेले, त्यांतला एक त्या माळणीकडे. आंबा उतरला, की पहिल्या बाजाराला आधी पंचांनी ओट्यावर उभं राहायचं आणि लोकांनी बागेचं विचारायचं, अशी नवी रीत पडली. तिला कुणी कद्रूपणा म्हणत नाही.

दोघं मित्र मात्र एकमेकांशी बोलेनासे झाले. आचार्य दुकानावरून जायचे आणि तांबट खाली मान घालून ठोकत बसायचा. आपण मित्राला उन्हात उभं केलं, हे त्याला जेवू देत नव्हतं.

पावसाळा सरल्यावर एका सकाळी आचार्य दुकानाच्या पायरीपाशी थांबले. तांबट घाईघाईने उठला.

"राग आहे माझ्यावर?" त्याने विचारलं.

"आहे," आचार्य म्हणाले.

"एवढ्या लोकांत तुला उभं ठेवलं म्हणून?"

"नाही रे. त्याआधी दोन वर्षं मला बसू दिलंस म्हणून."

आणि ते पायरीवर टेकले, त्यालाही शेजारी बसवून.

तात्पर्य: ज्याच्यावर विश्वास आहे, त्यालाच आधी विचारावं, संकोचाने गिळलेला प्रश्न आपल्या माणसालाही बुडवतो आणि आपल्यालाही.