नाकावरचा ठोकळा

बैलांच्या जागी ट्रॅक्टर आले, त्या काळातली गोष्ट. लाकडाच्या एका वखारीत ट्रॅक्टरच्या मागे दोन लांब लोखंडी दात बसवले होते. ओंडक्याखाली शिरायचं, तो उचलायचा आणि करवतीपाशी नेऊन ठेवायचा, हे त्यांचं काम. थोरल्या दाताला एकच गोष्ट खुपायची: ट्रॅक्टरच्या नाकावर बांधलेला लोखंडी ठोकळा.

"आम्ही राबायचं आणि हा नुसता बसून फिरणार," तो ट्रॅक्टरला म्हणाला. "उतरव त्याला. तेवढाच तुझा भार हलका."

रोज तेच ऐकून ट्रॅक्टर कंटाळला. एका सकाळी त्याने ठोकळा कुंपणापाशी उतरवला.

पहिलाच ओंडका ओल्या सागाचा होता. दातांनी तो उचलला मात्र, ट्रॅक्टरची पुढची चाकं जमिनीवरून सुटली. विहिरीपाशी वळण आलं. ट्रॅक्टरने स्टिअरिंग फिरवलं, पण चाकं जमिनीला टेकतील तर वळतील ना. तो सरळ विहिरीकडे निघाला. थोरल्या दाताने घाबरून ओंडका खाली टाकला, तेव्हा कुठे चाकं टेकली.

दुपारी ठोकळा पुन्हा नाकावर चढला. ओंडक्याखाली शिरण्याआधी थोरल्या दाताने मागूनच विचारलं, "दादा, बसलात ना नीट?"