बारा मडकी, तेरा महिने

पूर्वी काशीच्या राज्यात एक न्यायी राजा होता. त्याच्या नगरात बोधिसत्त्व एका बुरुडाच्या घरी जन्माला आले, आणि मोठेपणी सुपं-टोपल्या विणू लागले. गिऱ्हाईकं वर्षाचं भात सुगीला एकदाच आणून द्यायची. मग पुढच्या सुगीपर्यंत काही नाही. म्हणून त्यांच्या बायकोनं, वासुलेनं, एक युक्ती काढली. भाताचे सारखे बारा वाटे, बारा मडक्यांत. दर अमावास्येला एक उघडायचं, पुढच्याकडे बघायचंसुद्धा नाही.

युक्ती चांगलीच होती. वासुलेला ती जरा जास्तच चांगली वाटायची. आळीतल्या बाकीच्या आठही घरांत तिनं ती शिकवली. कुणी विचारलं नव्हतं तिथंही.

तिसऱ्या वर्षी बाराव्या मडक्याचा तळ दिसला आणि शेतात भात अजून हिरवंच. वासुलेनं घुशींची बिळं शोधली, मडक्यांच्या चिरा पाहिल्या, मनातल्या मनात नवऱ्याचे घासही मोजले. शेवटी बोटांवर महिने मोजले, तर ते तेरा भरले. यंदा श्रावण दोनदा आला होता. अधिकाचे उपास तिनं हौसेनं केले होते. अधिकाचं मडकं तेवढं भरलं नव्हतं.

चार दिवस ती "पोट जड आहे" म्हणत पेजेच्या पाण्यावर राहिली. पाचव्या दिवशी बोधिसत्त्वांनी आपलं ताट तिच्यापुढे सरकवलं.

"जड पोटाचं माणूस इतकं हलकं चालत नाही," ते म्हणाले.

तिनं सगळं सांगितलं. "पण आळीला कळू देऊ नका हो. तीन वर्षं मान वर करून हिंडलेय मी."

"आळीत मडकी किती?"

"बारा-बाराच. मीच तर..." ती बोलता बोलता थांबली.

"तीन घरांतून सकाळचा धूर निघत नाही," बोधिसत्त्व म्हणाले. "प्रत्येकीला वाटतंय, आपलाच हात सैल सुटला. तू सांगितलंस तर त्या सुटतील. तुझं नाव मात्र जाईल."

वासुलेनं पदर कमरेला खोचला. ती उठली आणि घराबाहेर पडली.

पहिल्याच दारात सासू सुनेला बोलत होती, "माप माझ्या हातात असतं, तर ही वेळ आली नसती." सून धनिका मान खाली घालून दोन महिन्यांच्या लेकराला पाजत होती, आणि लेकरू भुकेनं किरकिरत होतं.

"तिला बोलू नका, आत्याबाई," वासुला म्हणाली. "माप माझं चुकलं. वर्ष तेरा महिन्यांचं होतं, मी बाराचं शिकवलं."

"एवढी शहाणी तू, आणि महिना विसरलीस?"

"शहाणी होते ना, म्हणून मोजून बघितलं नाही."

धनिका हसली, आणि हसता हसता रडायला लागली. "मावशी, मी दाणा-दाणा मोजून शिजवत होते."

"माहितेय गं," म्हणत वासुलेनं तिचं डोकं खांद्याशी घेतलं.

मग बाकीची दारं झाली. कुठं टोमणे मिळाले, कुठं बसायला पाट. संध्याकाळी नऊ घरांचे उरलेसुरले दाणे एका हंड्यात पडले, छपरांवरचे भोपळे उतरले, रानातले कंद आले. सुगीपर्यंत आळीत एकच चूल पेटली. पेज पातळ होती, पण पहिली वाटी धनिकेची असायची.

संघाच्या भोजनाचं माप चुकल्याचं ओशाळून सांगायला आलेल्या रेवतिका नावाच्या उपासिकेला तथागतांनी ही कथा सांगितली. ते म्हणाले, "तेव्हाची धनिका आज तुझी सून आहे. ती सासू तुझी शेजारीण. वासुला तू होतीस, आणि तो बुरूड मी."

"भगवन्, इतके जन्म झाले तरी माझं माप चुकतंच?"

"चुकतं," तथागत म्हणाले. "पण या खेपेला तू आपणहून सांगायला आलीस."

आपल्या चुकीचा भार दुसऱ्याच्या मनावर राहू न देणं, ही सत्यपारमिता, म्हणजे सत्याची परिपूर्णता.