मानाची शाल

वस्तू एकमेकींशी बोलत असत, तेव्हाची गोष्ट. आंबोलीच्या ओल्या हवेत तंबोरा बिघडू नये म्हणून गायिका शरयूताईंनी हवेतलं पाणी ओढणारं यंत्र आणलं. त्याची बादली रोज भरायची.

दसऱ्याला वाद्यांसोबत त्याचीही पूजा झाली. "राबतोस रे बाबा," म्हणत शरयूताईंनी त्याच्यावर आपली मानाची शाल पांघरली. तेव्हापासून बादली कोरडी राहू लागली.

"तुझा श्वास कोंडलाय. जरा थरथर, शाल घसरेल," तंबोरा म्हणाला.

"बाईंनी मायेनं घातलीय. त्यांना काय वाटेल?"

"मला ओल लागतेय रे."

"मान मिळाल्यावर कुरकुर शोभत नाही," यंत्र म्हणालं.

एके सकाळी सरसानं चिकटवलेला जोड सुटला आणि तंबोऱ्याचा भोपळा निखळून फुटला. शरयूताई धावत आल्या. कोरडी बादली पाहून त्यांनी शाल उचलली. यंत्राची जाळी लोकरीनं गच्च भरली होती.

"अगं बाई, मीच नाक दाबलं की याचं!"

जाळी धुतल्यावर संध्याकाळपर्यंत बादली काठोकाठ भरली. मग शरयूताईंनी ती शाल झटकली आणि तंबोऱ्यावर पांघरली.

तंबोरा काहीच बोलला नाही.