तिरका डोळा

“यातलं सगळ्यात मोठं कोणतं, भंते?”

इसिपालानं ताडपत्रांची चळत आपले गुरू थेर बुद्धरखित यांच्यापुढं ठेवली. घाटमाथ्यावरच्या या लेण्यात बसून वर्षभर तो येणाऱ्या-जाणाऱ्या तांड्यांना एकच विचारत आला होता, जगात काय घडलं? ऐकलं ते सगळं त्यानं लिहून काढलं होतं.

पाण्याच्या टाक्यावरच्या कातळात एका ओळीपुरती जागा होती. पाथरवट छिन्नी घेऊन सकाळपासून ताटकळला होता. या वर्षाची एवढी एकच ओळ मागं उरणार आणि ती आपल्या हातची असणार, या विचारानं इसिपालाला चार दिवस अन्न गोड लागत नव्हतं.

थेर दरीतून वर येणारं धुकं बघत होते. म्हाताऱ्याला घाई म्हणून कशाची नव्हती.

“पायऱ्या चढून पहिलं जे कुणी येईल, त्याला वाचून दाखव,” ते म्हणाले. “ते सांगेल.”

धुक्यातून पुसनिका वर आली. खालच्या गावातून ती रोज भाताचं भांडं घेऊन यायची आणि रोज विचारायची, सोपाऱ्याच्या बंदराकडचं कुणी आलं का? इसिपाल म्हणायचा, येतात, जातात. ती का विचारते, हे त्यानं कधी विचारलं नव्हतं.

भात रांधणारी बाई वर्षाचा निवाडा करणार, हे काही त्याला रुचलं नाही. पण गुरूंचा शब्द. तो वाचू लागला.

“यवनांच्या देशी राजाला भरल्या ताटावर मारलं...

“एका डोंगरातून सात दिवस आग निघत होती. राख समुद्रापार जाऊन पडली...

“चीनच्या वाटेवर एक नदी आपलं पात्र सोडून तीन गावं पलीकडून वाहू लागली...”

पुसनिका भांडं मांडीवर घेऊन ऐकत होती. धुकं पार लेण्याच्या दारापर्यंत आलं होतं.

“अगं बाई,” ती हळूच म्हणाली. “मग जुन्या काठावरच्या माणसांनी काय केलं?”

“ते कुणी सांगितलं नाही.”

त्यानं पुढचं पान घेतलं.

“आषाढाआधीच्या वादळात सोपाऱ्याचं एक गलबत बुडालं. नाळेवर, पुढच्या टोकाला, डोळे रंगवलेले. डावा तिरका.”

हा तपशील त्यानं तीन खलाशांकडून पडताळून घेतला होता. त्याचा त्याला अभिमान होता.

“परत वाचा,” पुसनिका म्हणाली.

त्यानं परत वाचलं.

“डावा मी काढला होता,” ती म्हणाली. “घरधनी म्हणाले, तिरका झाला. मी म्हटलं, असू दे. घराकडं बघत राहील.”

इसिपालानं मान वर केली.

“माणसं?” तिनं विचारलं.

त्यानं पानावर पाहिलं. माणसांचं त्यानं लिहिलं नव्हतं. ऐकलं मात्र होतं.

“किनाऱ्याला... कुणी लागलं नाही.”

ती उठली. दोघांच्या भिक्षापात्रांत तिनं भात वाढला, रोजच्याइतकाच. एक शीत खाली सांडलं नाही.

“घ्या, भंते. निवतोय.”

आणि भांडं उचलून ती पायऱ्या उतरून धुक्यात गेली.

रोज ती विचारत होती आणि उत्तर इसिपालाच्या मांडीवर होतं. इतकी लाज त्याला जन्मात वाटली नव्हती.

“भंते... आता कोणती ओळ कोरायची?”

थेरांनी भाताला हात लावला नव्हता.

“तिच्यामागं जा. पाथरवटालाही ने. एकट्या बाईबरोबर भिक्खूला वाट चालता यायची नाही.”

“जाऊन करू काय?”

“भांडं धर,” थेर म्हणाले. “रिकामं आहे. आज तिला ते पेलणार नाही.”