महाबली आणि बिनमिशांचं डबडं

“आठ दिवसांत आमच्या महाबलीपेक्षा बलवान यंत्र बनवून आण, नाहीतर जन्मभर महाबलीला वारा घालत बस!”

धामणगडच्या भद्रसेन महाराजांनी भिवा तांबटाला असं फर्मावलं आणि बिचाऱ्याच्या पायाखालची जमीनच सरकली. आधीच त्याला दम्याचा त्रास. त्यात महाबली म्हणजे महाराजांचं व्हिडिओ गेमचं यंत्र, चांगलं हत्तीएवढं! ते सुरू झालं की निम्म्या गावातले दिवे मंद व्हायचे. चाळीस माणसं मोठाले पंखे घेऊन त्याला वारा घालायची, तरी ते तापायचंच.

भिवाचा गुन्हा काय? महाबलीला तांब्याच्या नळ्या बसवताना तो बोलून गेला, “महाराज, पातेलं कितीही मोठं घेतलं, तरी आत आमटी तीच की!”

खोटं काय होतं त्यात? दर दिवाळीला महाराज आणखी दांडगं यंत्र बनवून घ्यायचे आणि त्यावर तीच वाघाची शिकार खेळायचे. सात वर्षं तोच वाघ त्याच डावीकडच्या झुडपातून उडी मारत होता. फरक एवढाच, की पहिल्या वर्षी त्याला मिशाच नव्हत्या आणि यंदा मिशीचा केस न् केस दिसत होता. काय ही प्रगती! बरं, वाघ मारायला बटण दाबावं लागे. पण राजाने स्वतःची बोटं झिजवायची म्हणजे काय? त्यासाठी केशवपंत कळदाबे नेमले होते. महाराज सिंहासनावर लोडाला टेकून “दाब!” म्हणत, कळदाबे दाबत, वाघ मरे, दरबार वाहवा करी. मग महाराज जांभई देत आणि आठ भोई त्यांना सिंहासनासकट उचलून जेवायला नेत.

भिवाची मुलगी हौसा नळ्यांची टोपली घेऊन तिथंच उभी होती. बापाचा उतरलेला चेहरा तिने पाहिला. गप्प बसणं तिला जन्मात जमलं नव्हतं.

“महाराज, एक विचारू? बळ कशावरून ठरवायचं?”

“एवढंही कळत नाही?” महाराज हसले. “जे जास्त जड वस्तू हलवतं, ते बलवान! आमचा महाबली घुमायला लागला, की त्याच्या हादऱ्याने दरबाराचं शिसवी दार हलतं!”

“शब्द दिलात?”

“भर दरबारात दिला!”

“मग अडगळीतलं ते पहिलं यंत्र मला द्या. बिनमिशांच्या वाघाचं.”

दरबार खो खो हसला. महाराजांनी मोठ्या उदार मनाने ते धूळ खात पडलेलं डबडं देऊन टाकलं.

घरी आल्यावर भिवाने कपाळाला हात लावला. “पोरी, हा मुठीएवढा डबा काय हलवणार गं? दार सोड, दाराची कडीबी हलायची नाही!”

“आबा, तुम्ही मला फक्त नळीचा एक तुकडा द्या. हातात मावेल एवढा.”

दरवर्षी जोंधळा भरला, की हौसा मामाच्या शेतात मचाणावर उभी राहून गोफण फिरवायची. पाखरं हाकताना दिवस कसा जायचा, तिला कळायचं नाही. आठ दिवस ती त्या डबड्यापुढे खपली आणि वाघ काढून त्यात नवा खेळ बसवला. नवव्या दिवशी सकाळी बापलेक दरबारात हजर! भिवाच्या हातात तर शिपायांनी आधीच पंखा देऊन ठेवला होता.

डबड्याच्या पडद्यावर जोंधळ्याचं शेत उगवलं आणि वरून हिरवे चौकोन उतरू लागले.

“ही पाखरं की विटा?” महाराज फिस्कन हसले.

“विटाच समजा, महाराज. पण विटा तुमचा जोंधळा खातायत!”

महाराजांनी पाहिलं. खरंच की! एक कणीस गेलं, दुसरं गेलं.

“बटण कुठंय?”

“बटण नाही. ही नळी गोफणीसारखी फिरवायची. हात जाईल तिकडे दगड जाईल.”

नळी अर्थातच कळदाब्यांनी घेतली.

“डावीकडे!” महाराज ओरडले. कळदाब्यांनी हुकूम ऐकला, मान लववली, मग हात फिरवला. तोवर पाखरू जेवून गेलं होतं!

“उजवीकडे! अहो, वर! झोपलात काय कळदाबे? गेलं ना कणीस! आणा ती नळी इकडे!”

महाराजांनी बसल्या बसल्या नळी फिरवली, ती लोडात अडकली. तसे ते ताडकन उठले! सवयीने आठ भोई धावत आले, त्यांना महाराजांनी ढकलून दिलं. मुकुट कानावर आला, प्रधानांची पगडी उडाली, आणि महाराज डावीकडे, उजवीकडे उड्या मारत थेट दारापाशी जाऊन धापा टाकत ओरडले, “वाचवलं! एक कणीस वाचवलं!”

“छान,” पगडी झटकत प्रधान म्हणाले. “पण पैज बळाची होती. या डबड्याने तर दारावरचं तोरणसुद्धा हलवलं नाही!”

महाराज भानावर आले. मुकुट सरळ करत त्यांनी विचारलं, “खरंच की! मुली, तुझ्या यंत्राने हलवलं काय?”

भिवाने वारा घालायला पंखा उचललाच.

“महाराज, आपण कुठं उभे आहात?” हौसाने विचारलं.

महाराजांनी मागे वळून पाहिलं. सिंहासन पार तिकडे राहिलं होतं.

“आपल्याला हलवायला एरवी आठ भोई लागतात,” हौसा म्हणाली. “महाबली एवढा घुमला, पण आपल्याला बोटभर हलवू शकला नाही. त्याने दार हलवलं. माझ्या डबड्याने आपल्याला एकट्याने उठवून दारापर्यंत आणलं! आता आपणच सांगा, दार जड की महाराज?”

महाराजांनी एकदा दाराकडे पाहिलं, एकदा स्वतःकडे. मग महाराजांचं पोट हललं, मग खांदे हलले, आणि ते गडगडून हसू लागले.

“आम्हीच जड! अरे, आम्हीच!” डोळे पुसत त्यांनी हातातलं सोन्याचं कडं काढून हौसाला दिलं आणि भिवाच्या हातातला पंखा स्वतः काढून घेतला. “आणखी काहीतरी माग!”

“मग महाबली द्या.”

“महाबली? तू तर त्याला हरवलंस! आता काय करणार त्याचं?”

“पावसाळ्यात आईचे पापड वाळत नाहीत, महाराज. त्याच्या तापल्या पाठीवर शंभरेक सहज मावतील!”

“ने बाई, ने!” हसून हसून महाराजांना ठसका लागला. “आणि जरा बाजूला हो, पाखरं परत आलीत!”