जेडेडायाला पडलेलं एक मत

ऐका बाबांनो. अमेरिकेत इंग्रज राजाशी चाललेली लढाई नुकती संपली होती, तेव्हाची ही गोष्ट. सैनिकांना बक्षीस म्हणून रानातल्या जमिनी मिळाल्या. जेडेडाया प्रॅट नावाच्या शिपायाला रेड एल्म वस्तीतली टेकडी मिळाली, खाऱ्या पाण्याच्या झऱ्यासकट. हा गडी लढाईत अनवाणी गोठलेल्या नदीवरून चालत गेला आणि त्याच्या पावलाखाली बर्फ तडकला नाही, असं म्हणतात.

झऱ्याचं पाणी कढईत आटवायचं, मीठ काढायचं आणि त्यात हिवाळ्याचं मांस मुरवायचं. वस्ती त्यावरच जगायची. डोंगरापलीकडचे लोक मिठाला येऊ लागले, तसं वस्तीचं पित्त खवळलं. काठ्या घेऊन त्यांना पिटाळलं, त्यात बायासुद्धा मागे राहिल्या नाहीत. मग झरा फक्त आपला असा कायदा करून आण, म्हणत त्यांनी जेडेडायाला विधिमंडळावर निवडून दिलं. तेव्हा मत तोंडीच द्यायचं. न्यायाधीशाच्या टेबलापुढे उभं राहून सगळ्या गावादेखत नाव पुकारायचं. चाळीस पुरुष, चाळीस वेळा एकच नाव. त्याची बायको मर्सी दुरून ऐकत होती आणि तिला आभाळ ठेंगणं झालं होतं.

आणि या पठ्ठ्यानं काय करावं? विधिमंडळात उभा राहिला आणि त्याच कायद्याच्या विरोधात बोलला! वर झरा सगळ्यांचा, असं सहीनिशी लिहून दिलं. बातमी मर्सीच्याही कानावर आली. घरादाराचा आधार या माणसानं एका शब्दानं न विचारता वाटून टाकला होता. तो परतला तर कुणी त्याच्या तोंडाकडे बघेना. मर्सीनं हिवाळाभर अबोला धरला. तो एकदाच म्हणाला, "जाताना वाटेत, डोंगरापलीकडे, दोन थडगी दिसली गं. एवढीएवढीशी होती."

तिनं पाठ फिरवली आणि चुलीत लाकडं सारली.

बर्फ वितळल्यावर डोंगरापलीकडची एक बाई झऱ्यावर आली. मीठ भरता भरता ती मर्सीला सांगत होती की, इथून हाकललं, मग मांस टिकलं नाही, नासकं खाऊन दोन्ही लेकरं गेली. मर्सीला नवऱ्यानं सांगितलेली ती दोन थडगी आठवली. त्या दिवशी काठी घेऊन सर्वांत पुढे तीच धावली होती.

पुढची निवडणूक आली. एकेक पुरुष दुसऱ्याच माणसाचं नाव पुकारत गेला. जेडेडायाला एकही मत नाही, आणि स्वतःचं नाव घेण्यातला तो नव्हे. शेवटी रांगेत कोण उभं? मर्सी! अहो, बायकांना मत कुठलं तेव्हा? सगळे आ वासून बघत राहिले.

"जेडेडाया प्रॅट," ती म्हणाली. "लिहा."

त्या क्षणी विझल्या चुलीवरच्या कढयांतलं पाणी आपोआप आटून मीठ झालं, असं म्हणतात. खरंखोटं देव जाणे. न्यायाधीशानं मात्र नाव लिहिलं.

जेडेडाया हरला. त्याला जाऊनही आता कितीतरी पिढ्या झाल्या. पण रेड एल्ममध्ये मतदानाच्या दिवशी वस्तीतली सर्वांत थोरली बाई अजून सगळ्यांच्या आधी पुढे होते आणि त्याचं नाव पुकारते. ते मत लिहून घेतात. मोजत नाहीत, पण खोडायची छाती अजून कुणाची झालेली नाही.